फोटोतून कापलेली माणसे

गेल्या वर्षी १ जूनच्या कार्यक्रमासाठी आमच्या गावच्या तरुण मुलांनी वेशीत एक मोठा फलक उभारला. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गावातून निघालेल्या मोर्चाचा एक जुना फोटो वाचनालयाच्या कपाटात सापडला होता. तोच मोठा करून फलकावर घेतला होता. वर हुतात्म्यांना अभिवादन, खाली मंडळाचे नाव, मध्ये घोषणा देत चाललेली माणसे. येणारा-जाणारा थांबून पाहत होता. जुनी माणसे बोट दाखवून "हा अमक्याचा बाप, हा तमक्याचा चुलता" असे सांगत होती. मुलांचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते.

दुपारी गर्दी पांगल्यावर सत्तरीतली एक बाई त्या फलकासमोर बराच वेळ उभी होती. फलकाची दोरी आवळणाऱ्या मुलाने तिला विचारले, "आज्जी, काय बघालीस?" ती म्हणाली, "मी हाय काय ह्यात, बघालोय."

ती त्यात नव्हती. मूळ फोटोत मात्र होती. अगदी उजव्या कडेला, डोक्यावर पदर, कडेवर लहान मूल आणि एक हात वर. फोटो आडवा होता, फलक उभा होता. त्यामुळे दोन्ही कडा कापाव्या लागल्या. मोर्चात बायका दोन्ही कडांना चालत होत्या. मध्ये झेंडा आणि झेंड्याभोवती पुरुष. कोणता भाग ठेवायचा हे मुलांनी मला विचारले होते. वाचनालयाचे काम पाहतो म्हणून जुन्या गोष्टींतले मला कळते, असा त्यांचा समज. "मधला ठेवा" असे मीच सांगितले होते.

ती बाई काही बोलली नाही, रागावली नाही, घरी गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्या आंदोलनात ती कडेवर मूल घेऊन रस्त्यावर उतरली, त्याच आंदोलनाच्या स्मरणातून तिला बाहेर काढण्याचे काम आम्ही, तिच्याच गावच्या माणसांनी, केले होते. तेही कोणाच्या सक्तीने नव्हे, फलकाच्या मापासाठी.

ही चूक चव्हाट्यावर मांडण्याचे कारण एवढेच की ती एकट्या आमच्या गावची नाही. आज सीमाभागातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक मंडळात दोन-चार मुले हौसेने फोटो काढतात. मोर्चा, मेळावा, शिवजयंती, साहित्य संमेलन, शाळेत वह्यावाटप, सगळे टिपले जाते. या फोटोंचे पुढे काय होते, त्यांतली माणसे कोण, ती कोणत्या गावची, कोणत्या दिवसाची, हे कोणी लिहून ठेवते का? भाषेच्या प्रश्नावर एवढे बोलणाऱ्या आपल्या समाजाने या साध्या प्रश्नाचाही विचार केला पाहिजे.

लोकेच्छेचा पुरावा

सीमाप्रश्नाची चार सूत्रे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांतली पहिली तीन कागदावर दाखवता येतात. खेड्याची हद्द महसुली नकाशात असते. सलगता नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. बहुसंख्या जनगणनेच्या तक्त्यात सापडते. चौथे सूत्र मात्र कोणत्याही तक्त्यात नाही. लोकांना काय हवे हे लोकांनीच दाखवावे लागते. निवडणुकीतून, ग्रामपंचायतीच्या ठरावातून आणि रस्त्यावर उतरून.

ठराव दप्तरात राहतो, मतमोजणीचे आकडे राहतात. रस्त्यावर उतरलेल्या माणसांचे काय राहते? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आणि सोबत फोटो आला तर फोटो. अमुक हजार लोक होते असे आपण म्हणतो, तेवढे नव्हते असे दुसरा म्हणतो. अशा वेळी फोटो हीच साक्ष. त्या गर्दीत शेतावरून तशीच आलेली बाई होती, शाळा सुटल्यावर आलेला मास्तर होता, कोळपे टाकून आलेला शेतकरी होता, हे फोटो सांगतो. म्हणजे लोकेच्छेला चेहरा असतो आणि तो चेहरा जपण्याचे काम फोटो काढणाऱ्याच्या हाती असते.

१७ जानेवारी १९५६ या दिवशी बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी आणि लक्ष्मण गावडे, तर निपाणीत कमळाबाई मोहिते यांना हौतात्म्य आले. दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात ही नावे घेतली जातात, म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या पिढीला ठाऊक आहेत. त्या पहिल्या हुतात्म्यांत एक स्त्री आहे, हेही विसरता कामा नये. पण त्या दिवशी त्यांच्या आगेमागे जी माणसे चालत होती, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? नाव जपले की माणूस राहतो. नाव गेले की उरते ती फक्त गर्दी.

तेव्हा फिल्म महाग होती

१९५६ साली खेड्यात कॅमेरा ही वस्तूच नव्हती. फोटो म्हणजे शहरातल्या स्टुडिओत पडद्यासमोर ताठ बसून काढायचा. घरोघरी भिंतीवर असत ते लग्नाचे जोडफोटो, नाहीतर हार घातलेले. वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला वेळ लागे आणि पैसाही लागे. साहजिकच ब्लॉक होई तो पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचा.

१९८६ पर्यंत परिस्थिती थोडी बदलली होती. शहरात फोटोग्राफर वाढले होते. लग्न-मुंजीच्या ऑर्डरी घेणारा एखादा तरुण खेड्यातही दिसू लागला होता. तरीही एका रोलमध्ये फोटो छत्तीस. रोलचा खर्च, धुण्याचा खर्च, प्रत काढण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी. त्या जून महिन्यात बेळगाव आणि भोवतालच्या खेड्यांत गोळीबार झाले, नऊ जणांना प्राण गमवावे लागले. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्यांचेच. त्या धामधुमीत खेड्यांतून निघालेल्या मोर्चांचे फोटो काढणारा हा बहुधा असा एखादा हौशी तरुणच असे. तो काढलेला रोल कधी धुई, कधी भीतीने तसाच ठेवून देई.

आमच्या कपाटात सापडलेले फोटो याच जातीचे. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढे, अकरा प्रती. मागच्या बाजूला काही लिहिलेले नाही. निगेटिव्हचा पत्ता नाही. काढणारा कोण हेही नक्की कोणाला सांगता येईना. त्या अकरा फोटोंत मिळून साठ-सत्तर चेहरे ओळखण्याइतके स्पष्ट आहेत. सुरुवातीला आम्हाला नावे सांगता आली ती जेमतेम पंधरा.

त्या वेळी विशीत असलेली माणसे आज साठीच्या घरात आहेत. जी चाळिशीत होती, त्यांतली कितीतरी आता नाहीत. दरवर्षी गावात दोन-चार तिरड्या उठतात आणि प्रत्येक तिरडीबरोबर या फोटोंतली काही नावे कायमची जातात. हा हिशेब कोणत्याही न्यायालयाची तारीख पाहत थांबत नाही.

आता फोटोंचा महापूर

आज उलटा प्रकार आहे. हातोहाती मोबाइल. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत एकेक मुलगा दोनशे-तीनशे फोटो काढतो. वर्षाचे पंचांगच तसे आहे. जानेवारीत हुतात्मा दिन. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांतली साहित्य संमेलने आणि त्यांच्या ग्रंथदिंड्या. वैशाखात शिवजयंती आणि बेळगावची रात्र जागवणारी चित्ररथ मिरवणूक. १ जूनला हिंडलग्याचे अभिवादन. शाळा उघडल्या की मराठी शाळांतल्या मुलांना युवा कार्यकर्त्यांकडून दप्तरे-वह्यांचे वाटप. नवरात्रात पहाटेची दुर्गामाता दौड. मग काळा दिन, आणि दिवाळीत गल्लोगल्ली बांधलेले मातीचे किल्ले.

एवढे फोटो निघतात, पण राहतात किती? मोबाइल बिघडला, विकला, पाण्यात पडला की वर्षाचे फोटो गेले. जे व्हॉट्सअॅपवर फिरतात ते आकाराने लहान होऊन फिरतात. वाटेत फोटो काढल्याची वेळ व इतर नोंदी पुसल्या जातात. पाच वर्षांपूर्वीचा मोर्चा आजचा म्हणून फिरतो, एका गावचा दुसऱ्या गावच्या नावावर खपतो. १९८६ चे अकरा फोटो चाळीस वर्षांनी सापडले, कारण ते कागदावर होते. आजचे तीनशे फोटो चाळीस वर्षांनी सापडतील याची खात्री कोण देईल?

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हाळ्याची आहे. आपण काढतो काय? व्यासपीठ, पाहुण्यांचा सत्कार, नारळ, शाल, दीपप्रज्वलन आणि स्वतःचा चेहरा. वह्यावाटपाच्या फोटोत वही देणारे दहा हात दिसतात, घेणारे पोर मात्र अर्धे दिसते. ग्रंथदिंडीत पालखी दिसते. पहाटे चारला उठून रस्त्यावर रांगोळी काढणाऱ्या मुली दिसत नाहीत. संमेलनात अध्यक्ष दिसतात, चारशे माणसांचा भात शिजवणारी गल्ली दिसत नाही. खरे तर गावचे संमेलन उभे राहते ते त्या भातावर आणि त्या रांगोळीवर.

साहित्य संमेलन ही आपल्याकडे नुसती हौसेची गोष्ट नाही. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि तिथून त्या चळवळीने आकार घेतला. ज्या प्रदेशात संमेलनातून चळवळ उभी राहिली, तिथे खेड्यातल्या छोट्या संमेलनाचा फोटोही उद्याचा दस्तऐवज ठरू शकतो. पण तो पाहुण्यांचा अल्बम न होता गावचा असायला हवा.

एका फोटोची ताकद

फोटोची ताकद किती, हे आपण दोनदा तरी पाहिले आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केल्यानंतर तत्कालीन महापौर विजय मोरे यांना बेंगळूरमध्ये काळे फासण्यात आले. त्या घटनेवर भाषणे पुष्कळ झाली. पण ज्याला सीमाप्रश्न म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, अशा पुण्या-मुंबईच्या माणसालाही तो काळा झालेला चेहरा पाहून प्रश्न पडला.

दुसरा प्रसंग येळ्ळूरचा. जुलै २०१४ मध्ये गावच्या वेशीतला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक प्रशासनाने हटवला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला आणि २७ जुलैला पोलिसांनी तो पुन्हा पाडला. त्या दिवशी गावात शिरून झालेल्या लाठीमाराची दृश्ये कॅमेऱ्यात टिपली गेली आणि दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली. ती दृश्ये नसती, तर येळ्ळूरच्या आयाबहिणींचे बोलणे किती जणांनी खरे मानले असते?

पण येळ्ळूरने आणखी एक धडा दिला. त्या प्रकरणात गावकऱ्यांवरही खटले झाले आणि पोरांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. चित्रफीत लाठी मारणाऱ्याला दाखवते, तशीच ती समोर उभ्या असलेल्या पोरालाही दाखवते. मोर्चाच्या एका बाजूला आपला कॅमेरा असतो, दुसऱ्या बाजूला पोलिसांचा असतो. फोटोवरून ओळख पटवणे ही आता तपासाची नेहमीची पद्धत आहे. म्हणून फोटो काढणाऱ्या मुलाच्या अंगावर जबाबदारी येते. आपण टाकलेल्या फोटोमुळे मित्राची नोकरी, कोणाचा पासपोर्ट, कोणाचे शिक्षण अडेल का, याचा विचार त्याने बोट दाबण्याआधी नसला तरी फोटो पाठवण्याआधी केलाच पाहिजे.

पथ्ये कोणती

लहान मुलांच्या बाबतीत तर पथ्य कडकच हवे. वाटपाच्या कार्यक्रमात 'गरीब विद्यार्थी' असे लिहून पोराचा चेहरा छापणे हा त्या पोराचा अपमान आहे. त्याला वही मिळते ती मराठी शाळेत शिकतो म्हणून, भीक म्हणून नव्हे. आई-वडिलांना विचारून फोटो घ्यावा आणि त्याखाली शाळेचे नाव सन्मानाने लिहावे. एखादे अल्पवयीन मूल पोलिसांच्या प्रकरणात सापडले असेल, तर त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. उत्साहाच्या भरात 'आमचा लहान मावळा' म्हणून असा फोटो फिरवणारे त्या मुलाचेच नुकसान करतात.

बेळगाव हे लष्कराचे गाव. छावणीचा भाग, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, सांबऱ्याचे हवाई दलाचे केंद्र, अशा ठिकाणी जिथे फोटोला मनाईचा फलक आहे तिथे मोबाइल खिशातच ठेवावा. ड्रोन उडवायचा तर नियम आणखी कडक आहेत. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. मिरवणुकीची वरून घेतलेली दृश्ये सुंदर दिसतात हे खरे, पण त्यात माणसाचा चेहरा दिसत नाही. आपल्याला हवा आहे तो चेहरा.

पोलिसांनी तपासासाठी मोबाइल ताब्यात घेतलाच, तर वाद घालण्यापेक्षा कागद मागावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करायचे असते, आणि जप्त वस्तूंची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या असतात. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मोबाइलमधला फोटो न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचा, तर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र सोबत लागते. ते देण्याची वेळ आली की फोटो कोणत्या उपकरणातला, ते कोणाच्या ताब्यातले, हे सगळे सांगावे लागते. 'ग्रुपवर आला होता' हे उत्तर तिथे तोकडे पडते. मूळ फोटो मूळ मोबाइलमध्ये जसाच्या तसा जपण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

जतन कसे करावे

यासाठी मोठ्या संस्थेची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या वाचनालयाने गेल्या वर्षीपासून जे सुरू केले आहे, ते कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.

पहिले काम, एक वही. दोनशे पानी साधी वही. प्रत्येक कार्यक्रमानंतर निवडक वीस फोटो ठेवायचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, गाव, ठिकाण, प्रसंग, डावीकडून उजवीकडे माणसांची नावे आणि फोटो काढणाऱ्याचे नाव. काढणाऱ्याचे नाव मुद्दाम सांगतो, कारण १९८६ साली आमच्या गावात फोटो काढणाऱ्या तरुणाचे नाव आज कोणालाच नक्की सांगता येत नाही. शिवाय पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक काढणाराच, असे १९५७ चा स्वामित्व हक्काचा कायदाही म्हणतो. ज्या फोटोतली नावे उघड करणे आज धोक्याचे, त्यांची पाने वेगळ्या वहीत आणि ती वही जबाबदार माणसाच्या कुलपात.

दुसरे काम, मूळ प्रत. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचाच, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे आकार आणि नोंदी शाबूत राहतात. सर्व मूळ फोटो दर महिन्याला संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवावेत, एक प्रत वाचनालयात आणि दुसरी वेगळ्या घरात. निवडक दहा फोटो वर्षाला कागदावर काढून घ्यावेत. कागदाला चार्जर लागत नाही.

तिसरे काम, जुने फोटो. चिकट पानांच्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, आहे तसाच वरून टिपून घ्यावा. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्ह असतील तर त्या जिवापाड जपाव्यात, कारण त्यांतून फोटोपेक्षा जास्त तपशील मिळतो. आपल्याकडचा, त्यातून खानापूर भागातला पाऊस फोटोचा शत्रू आहे. ओल्या भिंतीला लागून फोटो ठेवू नयेत. पावसाळ्यानंतर कपाट उघडून वारा द्यावा.

चौथे काम, काढतानाचे. काळ्या दिनाला सगळे काळ्या कपड्यात असतात. कॅमेरा तो काळोख समजून उजेड वाढवतो आणि चेहरे पांढुरके होतात. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. दौडीच्या पहाटे पांढरे कपडे असतात, तिथे नेमके उलटे होते. प्रत्येक प्रसंगात एक फोटो दुरून सगळ्यांचा, एक जवळून चेहऱ्यांचा आणि एक असा काढावा की ज्यात गावची खूण दिसेल. वेस, देऊळ, शाळा, दुकानाची पाटी, काहीही.

पाटीवरून आठवले. कर्नाटकात नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडला देण्याचा कायदा २०२४ साली झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगाव'चे 'बेळगावी' झाले. गावातल्या दुकानांच्या, शाळांच्या, देवळांच्या, तालमींच्या मराठी पाट्या आज जशा आहेत तशा एकदा टिपून ठेवणे हे काम एखाद्या रविवारी चार मुलांनी सायकली काढल्या तर होईल. तसाच मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गाचा दरवर्षी जूनमध्ये एक फोटो, मुलांच्या नावांसह आणि पालकांच्या संमतीने, शाळेच्या दप्तरी ठेवावा. दहा वर्षांचे दहा फोटो शेजारी मांडले, की मराठी शाळेची स्थिती सांगायला भाषण लागणार नाही. पट वाढला असेल तर आनंद होईल, घटला असेल तर कुठे चुकले हे आपल्यालाच शोधावे लागेल.

त्या संध्याकाळी

फलकाच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी आम्ही ते अकरा फोटो पुन्हा नीट टिपून मोठे केले, न कापता. एका संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत भिंतीवर लावले आणि गल्लोगल्ली सांगावा दिला की ज्यांना कोणी ओळखू येईल त्यांनी यावे. पुरुष आले तसे बायकाही आल्या. मुले पेन्सिल-वही घेऊन बसली.

त्या रात्री अकरापर्यंत पडवी भरलेली होती. भांडणेही झाली. एकाच चेहऱ्याला तिघांनी तीन नावे दिली, तेव्हा तिन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले. एका माणसाने आपला बाप ओळखला. त्याच्या घरी बापाचा एकही फोटो नव्हता. कन्नड बोलणाऱ्या घरातल्या एका गृहस्थांनी मोर्चात पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आईला ओळखले. "तहानलेल्याला पाणी द्यायला भाषा कशाला लागते, असं आई म्हणायची," असे ते म्हणाले. हेही वहीत लिहिले आहे. लढा सक्तीशी आहे, शेजाऱ्याशी नाही, हे उद्याच्या पोरांना कळायला हवे.

ती आज्जीही आली होती. उजव्या कडेच्या त्या बाईवर तिने बोट ठेवले. मुलाने नाव लिहून घेतले. मग तिने कडेवरच्या मुलाकडे बोट नेले. "ही माझी थोरली. आता नाही." मुलाने तेही नाव लिहून घेतले. मग तिने आपल्या शेजारी चालणाऱ्या पाच बायकांची नावे एका दमात सांगितली, माहेरच्या गावांसह. त्या पाचांपैकी एकीचेही नाव गावातल्या एकाही पुरुषाला सांगता आले नव्हते.

पंधरा नावांवरून आम्ही एका रात्रीत त्रेचाळीसवर आलो. उरलेले चेहरे अजून भिंतीवर आहेत, कोणीतरी येऊन ओळखील म्हणून. यंदाच्या १ जूनला फलक आडवा करायचा, असे मुलांनी ठरवले आहे.

आपल्या गावातही असे एखादे कपाट, एखादा पत्र्याचा डबा, एखादी जुनी ट्रंक असेल. ती उघडण्याची वेळ हीच आहे. ओळखणारी माणसे आहेत तोवर उघडा, आणि उघडताना आज्ज्यांना बोलवायला विसरू नका.